सातबाऱ्यावर एकट्या काकांचे नाव. आखाजीला (अक्षय तृतीयेला) बहिणींच्या सह्या घेऊन जमीन विकावी का?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातील आमच्या शेतजमिनीचा काही भाग विकण्याचे घरात चालले आहे. कागद काढून पाहिल्यावर मात्र इतक्या शंका उभ्या राहिल्या, की इसार घेण्याआधी येथे सविस्तर विचारावे असे ठरवले.

गट एकच आहे, क्षेत्र 3 हेक्टर 60 आर, म्हणजे नऊ एकर. आजोबांनी ही जमीन 1961 साली स्वतःच्या कमाईतून खरेदी केली होती आणि ते खरेदीखत आजही पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले आहे. आजोबा 1978 साली वारले. त्यांच्यामागे आजी, दोन मुलगे आणि एक मुलगी, म्हणजे माझे थोरले काका, माझे वडील आणि आत्या. त्या वेळच्या फेरफाराने (हक्कबदलाच्या नोंदीने) सातबाऱ्यावर फक्त काकांचे नाव लागले आणि त्यांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे आहेत. आजी 1996 मध्ये गेली. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्यामागे आई, मी आणि माझ्या दोन विवाहित बहिणी. जमीन मध्ये बांध घालून दोघे भाऊ निम्मी निम्मी कसत आले, म्हणून आमच्या वाट्याला साडेचार एकर आहे असेच आम्ही लहानपणापासून ऐकले आणि मानले.

वडिलांच्या आजारपणातील देणे फेडण्यासाठी आमच्या बाजूचे दोन एकर विकायचे आहेत. घेणारे गृहस्थ गावातलेच आहेत. त्यांचे म्हणणे असे, की आता इसारपावती करून घ्यावी, खरेदीखतावर काकांनी सही करावी, कारण सातबारा त्यांच्याच नावावर आहे, आणि आई, बहिणी व आत्या यांच्या सह्या ‘संमतीदार’ म्हणून पाचशेच्या मुद्रांकावर घेऊन ठेवाव्यात. आखाजीला सगळ्या माहेरी येतातच, तेव्हा एका बैठकीत हे काम उरकेल, असे ते म्हणतात. काकांचीही हरकत नाही. हे योग्य आहे का? नसेल तर कामाचा क्रम कसा असावा?

निवृत्त महसूलकर्मी

भाऊ, तुम्ही इसार घेण्याआधी विचारले हे फार चांगले झाले. माझी नोकरी खान्देशातल्या तीन तालुक्यांत महसूल खात्यात झाली. जमिनीचे जे तंटे मी जवळून पाहिले, त्यांतले बरेचसे सातबारा न वाचल्यामुळे नव्हे, तर अर्धवट वाचल्यामुळे झालेले होते.

‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही अक्षरे काकांना मालक ठरवत नाहीत. कुटुंबाच्या वतीने शासनदरबारी एक नाव असावे, सारा वसूल करताना दहा जणांना शोधावे लागू नये, या सोयीसाठी थोरल्या भावाचे नाव लावून बाकीच्या वारसांना मागे ठेवण्याची ती जुनी पद्धत होती. तुमच्या वडिलांचा आणि आत्यांचा हक्क आजोबा वारले त्या दिवशीच निर्माण झाला. तो नोंदवहीत उतरला नाही, एवढेच. फेरफार नोंद हक्क निर्माण करत नाही आणि नोंद नसल्याने हक्क बुडतही नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. पण विरुद्ध सिद्ध करण्याचा दरवाजा कायम उघडा असतो, आणि मालकीचा निवाडा करणे हे महसूल खात्याचे काम नाही, दिवाणी न्यायालयाचे आहे.

आता क्रम सांगतो. पहिली पायरी म्हणून 1978 चा तो फेरफार क्रमांक काढा. सातबाऱ्यावर तो नोंदलेला असतो. जुने स्कॅन केलेले फेरफार ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर पाहता येतात, आणि तेथे सापडला नाही तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मिळते. त्या फेरफारात वारसांची नावे लिहून मग ‘पैकी थोरला मुलगा ए.कु.मॅ. म्हणून’ असा मजकूर बहुधा सापडेल. तो सापडला तर तुमचे अर्धे काम झाले असे समजा.

दुसरी पायरी म्हणजे ए.कु.मॅ. शेरा कमी करून सर्व वारसांची नावे दाखल करण्याचा अर्ज. हा अर्ज ‘ई-हक्क’ प्रणालीतून घरबसल्या करता येतो किंवा तलाठ्यांकडे देता येतो. त्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. आजोबा, आजी आणि वडील या तिघांचे मृत्यू दाखले, सर्व वारसांची नावे, वये, नाते आणि पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र आणि जुन्या फेरफाराची नक्कल सोबत जोडावी. त्या प्रतिज्ञापत्रात एकही नाव गाळू नका. आत्या परगावी आहेत, बहिणींची लग्ने झाली, त्यांना काही नको आहे, ही नाव गाळण्याची कारणे होऊ शकत नाहीत.

यानंतर गाव नमुना 6 मध्ये फेरफार लिहिला जातो, चावडीवर त्याची प्रत लागते आणि हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर ती विवादग्रस्त नोंदवहीत जाते, सुनावणी होते आणि त्या निर्णयावर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) साठ दिवसांत अपील करता येते. नोटिशीवरची सही म्हणजे टपाल मिळाल्याची पोच नव्हे. त्या दिवसापासून तुमचे पंधरा दिवस मोजले जातात, हे घरातल्या प्रत्येक बाईला समजावून सांगा.

माहेरवाशीण

या धाग्यावर लिहू की नको, असा विचार मी दोन दिवस केला. शेवटी आखाजीचा उल्लेख वाचून लिहायला बसले.

आपल्याकडे आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. अकरा वर्षांपूर्वीच्या आखाजीला मी माहेरी गेले होते. सकाळी पितरांची घागर भरून झाली होती, मागच्या अंगणात निंबाला झोका बांधलेला होता आणि मी चुलीपाशी खापरावर मांडे टाकत होते. तेवढ्यात भाऊ दोन कागद घेऊन आला आणि म्हणाला, “ताई, वारसाची नोंद करायची आहे, येथे सही कर.” माझे हात पुरणाने आणि तुपाने भरलेले होते. मी पदराला हात पुसले आणि परातीच्या काठावर कागद धरून सही केली. त्यात काय लिहिले आहे हे मी विचारले नाही आणि त्यानेही वाचून दाखवले नाही. आम्ही दोघांनीही ती रीत मानली होती, म्हणून केवळ त्यालाच दोष देणे मला योग्य वाटत नाही.

चार वर्षांनी मुलाच्या शिक्षणासाठी उत्पन्नाचे कागद गोळा करताना मी सहज ऑनलाइन सातबारा उघडला. वडिलांच्या जागी फक्त भावाचे नाव होते. फेरफाराची नक्कल मागवली तेव्हा कळले, की मी सही केलेला कागद ‘हक्कसोड’ होता, नोटरी केलेला, नोंदणी न केलेला. त्या छायाप्रतीत माझ्या सहीखाली तुपाचा डाग काळा उमटलेला होता. तो पाहिल्यावर ती सही माझी नाही असे म्हणण्याचा प्रश्नच उरला नाही, आणि तसे मला म्हणायचेही नव्हते.

मी प्रांतांकडे अपील केले. मुदत उलटून गेली होती, म्हणून विलंब माफीचा अर्ज वेगळा द्यावा लागला. नोंदणी नसलेल्या हक्कसोडीवर माझे नाव कमी करता येत नाही, या मुद्द्यावर नोंद रद्द झाली आणि माझे नाव पुन्हा लागले. त्यासाठी सव्वा वर्ष गेले. भावाशी बोलणे आता आहे, पण त्या वर्षांतल्या दोन आखाज्या मी सासरीच केल्या.

दादा, तुमच्या आत्यांना आणि बहिणींना आखाजीला अवश्य बोलवा. मात्र सहीचे काम त्या दिवशी ठेवू नका. सणाला आलेली लेक नाही म्हणू शकत नाही.

अमळनेरचा वकील

ताईंनी जे लिहिले आहे त्यामागचा कायदा स्पष्ट करतो. नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 17 प्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मालमत्तेतील हक्क निर्माण करणारा किंवा संपुष्टात आणणारा दस्त नोंदवणे बंधनकारक आहे. हक्कसोडपत्र त्यातच येते. नोंदणी नसेल तर कलम 49 मुळे तो कागद हक्कावर परिणाम करत नाही, मग तो पाचशेच्या मुद्रांकावर असो की पाच हजारांच्या. मुद्रांकाचा कागद आणि नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोटरी सही करणाऱ्याची ओळख पटवतो, त्याने दस्त नोंदवला जात नाही.

आता मूळ प्रश्नकर्त्यांचे हिस्से पाहू, कारण येथे एक मोठा गैरसमज आहे. जमीन आजोबांची स्वकष्टार्जित होती आणि ते मृत्युपत्र न करता 1978 मध्ये वारले असे गृहीत धरतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 च्या कलम 8 प्रमाणे पत्नी, दोन मुलगे आणि मुलगी यांना प्रत्येकी एक चतुर्थांश हिस्सा मिळाला. आजींचा हिस्सा 1996 मध्ये कलम 15 प्रमाणे तिन्ही मुलांकडे समान गेला. म्हणजे काका, वडील आणि आत्या यांचा प्रत्येकी एक तृतीयांश, नऊ एकरांपैकी तीन तीन एकर. वडिलांचे 1 हेक्टर 20 आर आई, तुम्ही आणि दोन बहिणी यांच्यात समान, प्रत्येकी 30 आर. तुम्ही ज्याला ‘आमचे साडेचार एकर’ म्हणता, त्यात कायद्याने तुमचे स्वतःचे पाऊण एकर आहे. काकांच्या साडेचार एकरांतही आत्यांचे दीड एकर आहे.

“वडील 2005 च्या आधी गेले, म्हणून मुलीला हक्क नाही” हे वाक्य मला पक्षकारांकडून आठवड्यातून एकदा तरी ऐकावे लागते. स्वकष्टार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा 1956 पासूनच आहे. 2005 ची दुरुस्ती वडिलोपार्जित सहदायकी मालमत्तेतील जन्मसिद्ध हक्काची आहे, आणि तेथेही 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा प्रकरणात सांगितले आहे. तुमच्या प्रकरणात त्या वादात शिरण्याचीच गरज नाही.

काकांनी एकट्याने खरेदीखत केले तर ते फक्त स्वतःच्या अविभक्त हिश्श्यापुरते चालेल. कलम 8 ने प्रत्येकाला मिळालेला हिस्सा त्याचा स्वतंत्र असतो, त्यामुळे ‘कर्ता’ म्हणून इतरांचा हिस्सा विकण्याचा अधिकार त्यांना येथे नाही. ‘संमतीदार’ या शब्दावरही विसंबू नका. ज्यांचा हिस्सा विकला जात आहे ते सर्व जण ‘लिहून देणार’ म्हणून दस्तात असले पाहिजेत, दुय्यम निबंधकांसमोर स्वतः किंवा नोंदणीकृत मुखत्यारामार्फत हजर राहिले पाहिजेत आणि मोबदल्याची रक्कम प्रत्येकाच्या खात्यावर त्याच्या हिश्श्याप्रमाणे गेली पाहिजे. दस्त नोंदवून घेताना दुय्यम निबंधक मालकी तपासत नाहीत. नोंदणी झाली म्हणजे मालकी शुद्ध झाली, असा समज घेणाऱ्यांनी ठेवू नये.

एखाद्या बहिणीला खरोखरच हिस्सा नको असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र करता येते. हक्कसोड सहहिस्सेदाराच्याच लाभात होते, बाहेरच्या माणसाच्या नव्हे. मुद्रांक किती लागेल हे नाते, मालमत्तेचा प्रकार आणि मोबदला यांवर ठरते. मोबदला दिला असेल तर तो दस्तात लिहावाच. आणखी एक गोष्ट म्हणजे उत्तराधिकार अधिनियमाचे कलम 22. एकाच माणसाच्या पश्चात वारस झालेल्या वर्ग 1 च्या (पत्नी, मुले अशा जवळच्या) वारसांपैकी एकजण हिस्सा विकू लागला, तर इतरांना तो घेण्याचा अग्रहक्क असतो, आणि शेतजमिनीलाही हे कलम लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये म्हटले आहे. म्हणून बाहेरच्या सौद्याआधी घरातल्यांना लेखी विचारा आणि त्यांचे लेखी उत्तर दप्तरी ठेवा.

शहादेकर

घेणाऱ्यांच्या बाजूने थोडे लिहितो. नंदुरबार जिल्ह्यात आणि साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या डोंगराकडच्या पट्ट्यात जमीन घेताना आजचा सातबारा कोणाच्या नावावर आहे एवढे पाहून भागत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला द्यायची असेल तर महसूल संहितेच्या कलम 36अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि विक्रीसाठी ती शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय देता येत नाही. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासींकडून बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी स्वतंत्र कायदा झालेला आहे. म्हणून गटाचे सगळे फेरफार मागे मागे वाचत न्यावेत आणि एखाद्या जुन्या नोंदीत आदिवासी खातेदार दिसला, तर तो हस्तांतर कसा झाला याचा कागद मिळेपर्यंत थांबावे. आमच्याकडे ज्या जमिनी लबाडीने हातातून गेल्या, त्यांच्या मूळ मालकांची नातवंडे आज त्याच शेतात मजुरीला जातात. हा कायदा अडचण नाही, संरक्षण आहे, असे माझे ठाम मत आहे.

भोगवटादार वर्ग 2, म्हणजे हस्तांतरावर शासनाच्या अटी असलेली जमीन असेल, तर ती कोणत्या अटीवर मिळाली आहे, हेही पाहावे. आणि घेणारा स्वतः शेतकरी नसेल, तर कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे त्यालाच परवानगी लागते.

रावेरचा केळीवाला

कायद्याचे जाणकारांनी सांगितले आहे. मी फक्त पाण्याचे सांगतो, कारण केळीच्या पट्ट्यात जमिनीची किंमत पाण्याने ठरते.

तुमच्या नऊ एकरांत विहीर एकच असेल, तर ती नेमकी कोणाच्या तुकड्यात जाते? खरेदीखतात विहिरीतला हिस्सा, पाण्याची पाळी, वीज जोडणी कोणाच्या नावावर राहील, पाइपलाइन कोणाच्या बांधावरून जाईल आणि रस्ता कुठून असेल, हे सारे चतुःसीमांसह लिहून घ्या. “विहीर, झाडे, वहिवाटीच्या हक्कांसह” एवढ्या छापील ओळीवर समाधान मानू नका. आमच्या शेजारच्या दोन भावांचा जमिनीवरून कधी वाद झाला नाही. वाद झाला तो आठ दिवसांत पाळी दोन दिवसांची की तीन दिवसांची यावर, आणि त्या उन्हाळ्यात घडावर आलेला बाग दोघांच्या डोळ्यांदेखत वाळला.

सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा असेल, तर कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला घेऊन तो आधी कमी करून घ्या.

तापीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वकीलसाहेबांचा हिशेब वाचून मी रात्री बराच वेळ कागदावर आकडे मांडत बसलो. साडेचार एकर म्हणत मोठा झालेल्या माणसाला 30 आर हा आकडा पचायला वेळ लागतो, पण त्यात कोठेही चूक काढता आली नाही. दुसऱ्या दिवशी मी इसार घेत नसल्याचे घेणाऱ्यांना कळवले. ते थोडे नाराज झाले. मात्र हा धागा त्यांना वाचायला दिल्यावर, नावे लागेपर्यंत थांबतो, असे त्यांनी स्वतःहून सांगितले.

1978 च्या फेरफाराची नक्कल मिळाली. निवृत्त साहेबांनी सांगितले तसेच निघाले. त्यात आजी, काका, वडील आणि आत्या अशी चारही नावे लिहिलेली आहेत आणि पुढे ‘थोरला मुलगा ए.कु.मॅ.’ असे आहे. ती नक्कल घेऊन मी आखाजीच्या आधीच पारोळ्याला आत्यांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून स्वतःचे नाव दोनदा वाचले आणि विचारले, “हे तेव्हापासून लिहिलेलं होतं?” मी हो म्हणालो. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. चहा झाल्यावर त्यांनी सांगितले, की जमीन त्यांना लगेच वेगळी नको आहे, पण नाव लावायचे आणि सही घरी वाचून, त्यांच्या मुलासमोर करायची. काकांना हे सांगणे मला अवघड गेले. त्यांनी दोन दिवस घेतले आणि प्रतिज्ञापत्रावर पहिली सही त्यांनीच केली.

पंधरा दिवसांत हरकत आली नाही. नोंद प्रमाणित होऊन सातबाऱ्यावर आता काका, आत्या, आई, मी आणि दोन्ही बहिणी अशी सहा नावे आहेत. विक्रीबाबत आम्ही आधी घरात लेखी विचारले. धाकट्या बहिणीने उत्तर दिले, की तिला तिचे 30 आर विकायचे नाहीत. त्यामुळे दोन एकर विकता येतील, पण ते आई, मी आणि थोरली बहीण अशा तिघांच्या 90 आरांमधून, आणि तिघेही ‘लिहून देणार’ असू.

आता एक शंका राहिली आहे. वाटप आधी करावे की अविभक्त हिश्श्याचे खरेदीखत करून वाटप घेणाऱ्यांवर सोडावे? विहीर काकांच्या बाजूला आहे.

निवृत्त महसूलकर्मी

वाटप आधी करा, भाऊ. अविभक्त हिस्सा विकता येतो, पण घेणाऱ्याला ताबा नेमका कुठला द्यायचा हे ठरलेले नसते आणि उद्या तो तुमच्या आत्यांशी बांधावर भांडत बसेल. सहाही जणांची संमती आहे तोवर संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज द्या किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करा. बागायत जमिनीचा तुकडा 10 गुंठ्यांपेक्षा आणि जिरायत 20 गुंठ्यांपेक्षा लहान होऊ देऊ नका. तुमच्या हिश्श्यांत ती अडचण येत नाही. मोजणी करून नकाशा घ्या आणि विहिरीच्या पाळीचे दिवस सहा जणांच्या नावांसह त्याच वाटणीपत्रात लिहा, खरेदीखतापर्यंत थांबू नका.

तापीकाठ

मोजणीचा अर्ज सोमवारी भूमी अभिलेख कार्यालयात देतो. पाळीचे दिवस ठरवायला आत्यांनी सगळ्यांना पारोळ्यालाच बोलावले आहे.